डबल सीट आणि लांबचा पल्ला : मोटारसायकल कोणती घ्यावी?

हिंगोली जिल्ह्यातील आपले मणियार, बागवान, कापडाचे फेरीवाले आणि छोटे कारागीर यांचा धंदा आज बव्हंशी मोटारसायकलवर चालतो. औंढा नागनाथची महाशिवरात्रीची यात्रा असो, हिंगोलीचा दसरा असो की कळमनुरी, वसमत, सेनगावचा बाजार असो, बांगड्यांचा व्यापारी सहसा एकटा जात नाही. सोबत पत्नी, मुलगा किंवा कामाचा माणूस असतो आणि मालाची पिशवीही असते. गाडी घेताना मात्र ॲव्हरेज, रंग आणि हप्ता एवढेच विचारले जाते. मागे बसणाऱ्याचा विचार कोणी करीत नाही. आमच्या मते ज्याला नेहमी डबल सीट जायचे आहे, त्याने मागच्या सीटवरूनच गाडी पारखावी. मागे बसणारी व्यक्ती ही चालवणाऱ्याकडे सोपविलेली अमानत आहे.

प्रथम वजनाचा हिशेब

प्रत्येक गाडी किती भार वाहू शकते, हे कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते. धरा, एखाद्या गाडीची मर्यादा 150 किलो आहे. चालवणारा 70 किलो आणि मागे बसणारी व्यक्ती 55 किलो, म्हणजे 125 झाले. मालासाठी उरले फक्त 25 किलो. 40 किलोचे गाठोडे बांधले तर मर्यादा 15 किलोने ओलांडली. अशाने ब्रेक उशिरा लागतो, मागचे टायर तापते आणि पुढचे चाक हलके होऊन हँडल डगमगते. माल जास्त असेल तर तो एस.टी.ने किंवा टेम्पोने पुढे पाठवावा. त्याचे भाडे हा धंद्याचा खर्च समजावा.

इंजिन किती सीसीचे?

जवळच्या बाजारांसाठी, म्हणजे हिंगोली ते औंढा अशा 25-30 किलोमीटरच्या फेरीसाठी, 100 सीसीची गाडी पुरते. हिंगोली-नांदेड हे अंतर सुमारे 90 किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन 180. महिन्यातून अनेकदा दोघांनी हा पल्ला गाठायचा असेल तर 125 ते 160 सीसीची गाडी बरी. अकोला-वाशिम-हिंगोली-नांदेड हा आता राष्ट्रीय महामार्ग 161 आहे आणि त्यावर ट्रकची वर्दळ असते. लहान इंजिनाला दोघांचे ओझे घेऊन ट्रक ओलांडण्यास वेळ लागतो आणि तोच वेळ धोक्याचा असतो. 350 सीसीची गाडी आरामशीर खरी, पण ती जड असते, पेट्रोल जास्त पिते आणि तिचे सुटे भागही महाग. शौक आणि धंदा यांचा हिशेब वेगळा ठेवावा. हैदराबादसारख्या दूरच्या खरेदीला तर नांदेडहून रेल्वेने जाणेच शहाणपणाचे.

दुकानात काय पाहावे?

मागे बसणाऱ्या व्यक्तीला सोबत घेऊन जावे आणि तिला सीटवर बसवून पुढील गोष्टी पाहाव्यात.

1. सीट रुंद व सपाट आहे का? मागे उंच आणि उतरती सीट लांबच्या प्रवासात कंबर मोडते.

2. धरायला मजबूत कडी, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि साडीगार्ड आहे का? केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 123 नुसार या तिन्ही सोयी आवश्यक आहेत. साडी, ओढणी किंवा बुरखा चाकात अडकून जीवघेणे अपघात होतात. साडीगार्ड काढून टाकणे हा मूर्खपणा आहे.

3. ब्रेक कसा आहे? एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरील नव्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालील गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय किंवा एबीएस सक्तीचे आहे. ओल्या रस्त्यावर एबीएसमुळे चाक जाम होत नाही.

4. मागचा शॉकअप कमी-जास्त कडक करता येतो का? डबल सीट जाताना तो कडक करावा. टायरमधील हवाही पुस्तिकेत दोघांसाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी.

जुनी गाडी घेताना

व्याजाच्या हप्त्यात अडकण्यापेक्षा साठविलेल्या रकमेत जुनी, पण धडधाकट गाडी घेणे केव्हाही चांगले. बिनव्याजी पतसंस्था किंवा नातेवाइकांकडून कर्ज-ए-हसना मिळत असेल तर परतफेडीची मुदत लिहून घ्यावी. गाडी ओळखीच्या मिस्त्रीला दाखवावी. टायरच्या बाजूवरील चार अंकांवरून त्याचे वय कळते. 2321 म्हणजे 2021 सालचा 23 वा आठवडा. आर.सी. बुकावर बँकेचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 घ्यावा. फॉर्म 29 व 30 भरून गाडी लगेच आपल्या नावावर करावी. नुसत्या विश्वासावर व्यवहार करू नये.

विम्याची मेख

हा मुद्दा नीट समजून घ्यावा. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, केवळ कायद्याने सक्तीच्या थर्ड पार्टी विम्यात मोटारसायकलवर मागे बसलेल्या व्यक्तीच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. सर्वसमावेशक, म्हणजे पॅकेज पॉलिसीत ती येते. सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला 5 वर्षांचा थर्ड पार्टी विमा मिळतो. त्यामुळे अनेकांना वाटते की 5 वर्षे निश्चिंती झाली. परंतु गाडीच्या नुकसानीचा भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो. तो नूतनीकरण न केल्यास केवळ थर्ड पार्टी विमा उरतो. दरवर्षी विमा घेताना मागे बसणारी व्यक्ती यात आहे का, हे एजंटला विचारावे आणि पॉलिसीत लिहिलेले स्वतः पाहावे. काही शेकडा रुपये वाचविण्यापायी घरावर संकट ओढवून घेऊ नये.

हेल्मेट मागच्यालाही

2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 नुसार 4 वर्षांवरील प्रत्येक स्वाराला हेल्मेट आवश्यक आहे. कलम 128 नुसार चालकाच्या मागे एकच व्यक्ती बसवता येते, म्हणजे ट्रिपल सीट गुन्हा आहे. गाडीच्या किमतीतच आय.एस.आय. शिक्क्याच्या दोन हेल्मेटचा खर्च धरावा. ज्याच्या बजेटमध्ये दोन हेल्मेट बसत नाहीत, त्याने थोडी स्वस्त गाडी घ्यावी. दर तासाभराने थांबावे, रात्रीचा प्रवास टाळावा.

हलाल रोजीसाठी घराबाहेर पडणाऱ्याने सोबत्यालाही सुखरूप घरी परत आणावे. अल्लाह आपल्या प्रवासात सलामती आणि धंद्यात बरकत देवो.