रंगकामासाठीं मॉनिटर कसा निवडावा?

कांहीं वर्षांपूर्वीं एका वार्षिकाच्या मुखपृष्ठाचें काम मजकडे आलें होतें. नववींतील एका मुलीनें जलरंगांत संध्याकाळचें चित्र काढलें होतें. कौलारू इमारत, तिच्यापुढें एक वड, आणि वर राखी-निळें आकाश. त्या आकाशांत क्षितिजापाशीं गुलाबी रंगाची अगदीं पुसट छटा. तें चित्र स्कॅन करून मीं संगणकावर उघडलें, तों आकाश फार निळें दिसूं लागलें व सगळेंच चित्र फिकें वाटलें. मूळ चित्र शेजारीं टेबलावर होतेंच. त्याकडे पाहत पाहत मीं पडद्यावरील चित्रांत थोडा तांबडा व थोडा पिवळा रंग मिसळला, गडदपणा वाढविला, आणि दोन्ही सारखीं दिसूं लागल्यावर मोठ्या समाधानानें काम छापखान्यांत धाडलें.

छापून आलें तें तपकिरी आकाश आणि काळवंडलेला वड! मी छापखान्याच्या चालकांशीं तावातावानें बोलूं लागलों. त्या वृद्ध गृहस्थांनीं शांतपणें माझ्याजवळची मूळ स्कॅन केलेली प्रत मागून घेतली, आपल्या पडद्यावर उघडली, आणि म्हणाले, "मास्तर, हें तर मुळांत बरोबरच होतें. तुम्हीच तें बिघडवलेंत." ज्या मुलीचें तें चित्र होतें तिनें अंक हातांत घेतला, मुखपृष्ठाकडे क्षणभर पाहिलें, आणि कांहीं न बोलतां पान उलटलें.

चूक छापखान्याची नव्हती, शाईची नव्हती, स्कॅनरचीही नव्हती. माझ्या मॉनिटरचा पडदा निळसर व अति तेजस्वी होता, आणि पडदा खोटा असला म्हणजे मनुष्य खऱ्यासच दुरुस्त करूं लागतो. तुमच्यापैकीं जे कोणी पुढें ग्राफिक डिझाइनच्या व्यवसायांत पडतील, त्यांच्या हातून दुसऱ्याच्या श्रमांची अशी नासाडी होऊं नये, म्हणून हा विषय येथें मांडीत आहें.

दुकानांत मॉनिटर ओळीनें मांडलेले असतात, आणि आपला डोळा सर्वांत झगझगीत असेल त्यावर जातो. हा पहिला मोह. परमेश्वरानें मनुष्यास दिलेला डोळा अद्भुत खरा, परंतु तो मापक नव्हे. दिव्याच्या पिवळट प्रकाशांत पांढरा कागद त्यास पांढराच दिसतो, आणि निळसर पडद्यासमोर दहा मिनिटें बसलें कीं तो निळसरपणाही त्याच्या लक्षांत येईनासा होतो. म्हणून पांढरा कोणता हें डोळ्यावर न सोपवितां अंकांनीं ठरविलेलें आहे. पडद्यावरील पांढऱ्याचें प्रमाण सुमारें ६५०० केल्विन, म्हणजे ढगाळ दिवसाच्या उजेडासारखें, मानितात. हा आंकडा वाढला कीं पांढरा निळसर होतो, कमी झाला कीं पिवळट. तेजाचेंही तसेंच. आजचे साधे मॉनिटरसुद्धां दर चौरस मीटरास २५० कँडेला वा अधिक तेज देऊं शकतात. छपाईच्या कामास मात्र ८० ते १२० पुरे होतें. त्याहून तेज अधिक ठेवलें कीं चित्र फिकें भासतें, आपण तें गडद करतों, आणि कागदावर तें काळें उतरतें. माझ्या वडाचें हेंच झालें.

आतां रंगांचा विचार करूं. पडद्यावरील प्रत्येक ठिपका तांबडा, हिरवा व निळा अशा तीन प्रकाशांचा बनलेला असतो. तीन प्रकाशांतून सर्व रंग साधतां येतात, हें जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनीं १८६१ सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें दाखविलें. चौकटीच्या रंगीत फितीचीं तीन रंगीत गाळण्यांतून तीन छायाचित्रें घेतलीं होतीं; तीं त्याच रंगांच्या प्रकाशांत एकावर एक पाडल्यावर फीत रंगीत दिसूं लागली. (गंमत अशी कीं, त्या वेळच्या छायाचित्रांच्या कांचांस तांबडा प्रकाश जवळजवळ उमटतच नसे. तरी प्रयोग साधला कसा, याचा उलगडा व्हावयास १९६१ साल उजाडावें लागलें: फितीचा तांबडा रंग डोळ्यांस न दिसणारे अतिनील किरणही परावर्तित करीत होता, आणि तेच कांचेवर उमटले होते.)

परंतु तीन प्रकाशांतून जगांतील सर्वच्या सर्व रंग मात्र निघत नाहींत. १९३१ सालीं मनुष्याच्या डोळ्यास दिसणाऱ्या रंगांचा एक नकाशा ठरविण्यांत आला. त्यावर पडद्याचे तीन मूळ रंग खुणावून रेषांनीं जोडले असतां जो त्रिकोण होतो, तेवढेंच त्या पडद्याचें राज्य. असे कांहीं त्रिकोण प्रमाण म्हणून मानलेले आहेत. १९९६ सालचा एस-आर-जी-बी हा सर्वांत साधा. तो नकाशाचा सुमारें तिसरा हिस्सा व्यापतो, आणि इंटरनेटवरील बहुतेक चित्रें त्यांतच बसतात. १९९८ सालचा अॅडोबी आर-जी-बी सुमारें निम्मा नकाशा व्यापतो. हिरव्या व हिरवट निळ्या बाजूस तो बराच पुढें जातो. तिसरा पी-३ नांवाचा, तो चित्रपटाच्या धंद्यांतून आला.

छपाईची गोष्ट निराळी. तेथें प्रकाश नसून शाई आहे. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईस काढलेल्या शिळाछापखान्यांत एका चित्रास रंगागणिक निरनिराळी शिळा लागत असे. आज सायन, मॅजेंटा, पिवळी व काळी अशा चार शायांवर बहुतेक काम भागतें. या शायांचा प्रदेश पडद्याच्या त्रिकोणाशीं जुळत नाहीं. पडद्यावरील झळझळीत निळा शाईंत उतरत नाहीं, तो जांभळट वा मंद होतो. उलट शुद्ध सायन शाईचा रंग एस-आर-जी-बीच्या त्रिकोणाबाहेर पडतो, म्हणून साध्या पडद्यावर तो खरा दिसतच नाहीं. यास्तव ज्यास मुख्यत्वें पुस्तकें, वेष्टनें व भित्तिपत्रकें छापावयाचीं आहेत, त्यानें अॅडोबी आर-जी-बीचा बहुतेक भाग व्यापणारा मॉनिटर ऐपत असल्यास घ्यावा. ज्याचें काम पडद्यापुरतेंच आहे, त्यास पूर्ण एस-आर-जी-बी पुष्कळ झालें. चलच्चित्रें करणाऱ्यानें पी-३ पाहावा.

जाहिरातींतील टक्क्यांविषयीं सावध असावें. "१२५ टक्के एस-आर-जी-बी" असें लिहिलेलें असतें, तें बहुधा त्रिकोणाच्या क्षेत्रफळाचें माप असतें. त्रिकोण मोठा असूनही एका बाजूस सरकलेला असूं शकतो. आपण विचारावयाचें तें व्याप्तीविषयीं, आणि ती शंभराहून अधिक होऊंच शकत नाहीं. "७२ टक्के एन-टी-एस-सी" म्हणजे क्षेत्रफळानें जवळपास एस-आर-जी-बीएवढा. "४५ टक्के" असें दिसल्यास त्या यंत्राकडे पाठ फिरवावी. आणि मोठा त्रिकोण म्हणजे नेहमींच चांगला, असेंही नाहीं. रंगांचा हिशेब न ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्यें मोठ्या त्रिकोणाच्या पडद्यावर साधें चित्र भडक दिसतें, माणसांचे चेहरे टोमॅटोसारखे होतात. अशा मॉनिटरला एस-आर-जी-बीपुरतें मर्यादित करणारी सोय आहे कीं नाहीं, हें पाहून घ्यावें.

पडद्याच्या रचनेविषयीं थोडक्यांत. स्वस्त टी-एन पडद्यावर मान किंचित् हलविली तरी रंग बदलतात. या कामास तो निरुपयोगी. व्ही-ए पडद्याचा काळा रंग खोल असतो, पण बाजूनें पाहतां गडद छटा बदलतात. आय-पी-एस हाच आमच्या कामाचा. ओएलईडीचा काळा अप्रतिम, यांत शंका नाहीं. परंतु आमच्या सॉफ्टवेअरच्या पट्ट्या दिवसभर एकाच जागीं स्थिर असतात, आणि अशा स्थिर आकृतींची छाप त्या पडद्यावर कायमची उमटण्याचें भय राहतें. पडदा शक्यतों निस्तेज पृष्ठभागाचा घ्यावा. मीं एकदां चकचकीत पडद्यावर काम केलें, त्यांत चित्रापेक्षां माझा सदराच अधिक दिसे.

ठिपक्यांची दाटी हा विषय मराठींत काम करणाऱ्यास विशेष महत्त्वाचा आहे. २७ इंची पडद्यावर १९२० बाय १०८० ठिपके असले तर इंचास सुमारें ८२ ठिपके पडतात. इंग्रजी अक्षर त्यांत कसेंबसें निभावतें, परंतु आमचा रफार, त्याच्या शेजारचा अनुस्वार, "ष्ट्र" वा "द्ध" यांसारखीं जोडाक्षरें, हीं लहान आकारांत एकमेकांत मिसळून जातात आणि मुद्रितशोधकाच्या डोळ्यास चुका निसटतात. त्याच मापाच्या पडद्यावर २५६० बाय १४४० ठिपके असले तर इंचास सुमारें १०९ होतात, ३८४० बाय २१६० असले तर १६३. पहिला पर्याय बहुतेकांस परवडेल असा. दुसऱ्यावर देवनागरी छापील पानासारखी रेखीव दिसते. रंगाच्या पायऱ्यांचा हिशेब असा: आठ बिटांच्या पडद्यावर प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा, म्हणजे एकूण १ कोटी ६७ लक्षांवर रंग, दहा बिटांत ही संख्या १०७ कोटींवर जाते. संध्याकाळच्या आकाशासारख्या हळूहळू बदलणाऱ्या रंगांत पट्टे दिसूं नयेत, यासाठीं तिचा उपयोग. सेकंदाला १४४ वा २४० वेळां चित्र बदलण्याची जी शेखी मिरविली जाते ती खेळणाऱ्यांसाठीं. तिच्यावर आपला एक रुपयाही जाऊं नये.

आणि सर्वांत महत्त्वाची वस्तु मॉनिटर नव्हेच. ती म्हणजे कलरीमीटर नांवाचें मुठीएवढें उपकरण. तें पडद्यावर टेकवून ठेवलें असतां संगणक एकामागून एक रंग दाखवितो, उपकरण ते मोजतें, आणि खरें व दिसणारें यांतील फरक टिपून त्या पडद्याचें एक प्रोफाइल तयार होतें. या प्रोफाइलांची भाषा सर्व यंत्रांस एकच असावी म्हणून १९९३ सालीं इंटरनॅशनल कलर कन्सोर्शियम ही संस्था स्थापन झाली. रंगांतील फरक डेल्टा-ई या मापानें सांगतात. १ म्हणजे चांगल्या डोळ्यास जेमतेम जाणवेल इतका फरक, आणि सरासरी २ च्या आंत असली म्हणजे विश्वासानें काम करतां येतें. कारखान्यांतून मोजून आलेल्या मॉनिटरबरोबर असा अहवाल मिळतो, पण पडदाही वयाप्रमाणें बदलतो. महिन्यांतून एकदां मोजणें बरें. माझें स्पष्ट मत असें कीं, पैसे थोडे असतील तर मॉनिटर एक पायरी खालचा घ्यावा, पण कलरीमीटर सोडूं नये. चौघा मित्रांनीं मिळून एक घेतला तरी चालतो. मोजलेला साधा पडदा न मोजलेल्या महागड्या पडद्याहून अधिक खरें बोलतो.

खरेदीस जातांना एका चांगल्या छायाचित्राची प्रत पेन ड्राइव्हवर, व त्याचाच उत्तम छापील नमुना हातांत, असें न्यावें. दुकानदारास पडद्याचें तेज कमी करावयास सांगून दोन्ही शेजारीं धरावीं. मग संपूर्ण पडदा पांढरा करून चारी कोपरे सारखे उजळ आहेत का, तें पाहावें. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची राखी पट्टी उघडावी. तींत कोठें हिरवट वा गुलाबी झांक दिसल्यास पुढच्या मॉनिटरकडे वळावें. दुकानदार कंटाळेल, त्यास इलाज नाहीं. घरीं पडदा खिडकीसमोर ठेवूं नये, मागची भिंत भडक रंगाची असूं नये, आणि रात्रीं पडदा पिवळसर करणारी सोय काम करतांना बंद ठेवावी.

मीं स्वतः त्या प्रसंगानंतर २४ इंची, १९२० बाय १२०० ठिपक्यांचा साधा आय-पी-एस मॉनिटर व एक कलरीमीटर घेतला. पुढील वर्षीं मुखपृष्ठासाठीं त्याच मुलीकडे पुनः चित्र मागावयास मला संकोच वाटला; पण दहावीच्या अभ्यासांतून वेळ काढून तिनें तें दिलें. छापखान्यांतून पहिलें प्रूफ आलें, तेव्हां तिनें मूळ चित्र व प्रूफ दोन्ही घेऊन खिडकी गांठली. बराच वेळ पाहून म्हणाली, "सर, आकाश बरोबर आहे. कौलें मात्र अजून थोडीं लाल हवींत." मीं संगणकाकडे जाऊन तेंच चित्र उघडलें. पडद्यावरही कौलें तितकींच फिकीं होतीं.