जुनी होडी घेताना : लपलेले पाणी कसे ओळखावे?



उन्हाळा लागला की आई बाजारातून माठ आणते. पैसे देण्यापूर्वी ती माठावर बोटाने टकटक करते. खणखणीत आवाज आला तर माठ चांगला. बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. हीच युक्ती गेल्या दिवाळीच्या सुट्टीत महेश्वरच्या घाटावर कामी आली.

आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी नर्मदेत यात्रेकरूंना फिरवण्यासाठी होडी घेणार होता. फायबरची, 18 फुटी, मागे इंजिन बसवलेली जुनी होडी त्याने पसंत केली आणि 10,000 रुपये इसारही देऊन टाकला. रंग नवा, बाके नवी. "सर, एकदा तुम्ही बघून घ्या," असे तो म्हणाला. मी हिंदी माध्यमातून रसायनशास्त्र शिकलेला मास्तर. होडीतले मला काय कळणार? म्हणून होड्या दुरुस्त करणाऱ्या एका वयस्क कारागिराला बरोबर घेतले. त्या दिवशी जे शिकलो ते येथे मांडतो.

पाणी लपते कुठे?

फायबर कुजत नाही, हे खरे. पण बहुतेक जुन्या फायबरच्या होड्यांच्या पोटात लाकूड असते. इंजिन ज्या मागच्या उभ्या फळीवर बसते तिच्या आत, तळाच्या आधारांत आणि पायाखालच्या पाटात प्लायवूड घातलेले असते. स्क्रूची भोके नीट बंद केली नाहीत तर त्यांतून पाणी आत शिरते. वरून फायबरचे आवरण असल्यामुळे ते बाहेर निघत नाही व वाळतही नाही. ओलावा 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर लाकूड कुजत नाही; बराच काळ त्याहून खूप जास्त राहिला तर बुरशी लागते. यात खाऱ्या पाण्यापेक्षा नदीचे व पावसाचे गोडे पाणी अधिक घातक, कारण मीठ बुरशीला रोखते.

तळावरचे फोड

नववीच्या मुलांना परासरण आठवत असेल. बेदाणे पाण्यात टाकले की फुगतात. होडीच्या तळाचेही असेच होते. वरच्या चकचकीत थरातून पाणी अतिशय हळू आत झिरपते, आतली काही रसायने त्यात विरघळतात, आणि मग तो द्रव आणखी पाणी ओढून घेतो. दाब वाढून फोड येतात. फोड फोडल्यास आंबूस, व्हिनेगरसारखा वास येतो. आतला द्रव दाबाखाली असतो, डोळ्यांत उडू शकतो; म्हणून मुलांनी हे करू नये.

तपासावे कसे?

1. होडी पाण्याबाहेर काढून बघावी. पाण्यात असताना तळ दिसत नाही.

2. हातोडीच्या प्लास्टिकच्या मुठीने वीतभर अंतरावर ठोकत जावे. कोरड्या जागी टणक आवाज येतो, ओल्या किंवा सुटलेल्या जागी बद्द.

3. पाटावर अनवाणी चालावे. पाय दबला, स्पंजासारखे लागले, तर खालचे लाकूड गेले आहे.

4. इंजिन वर उचलून धरावे व खाली दाबून बघावे. मागची फळी हलता कामा नये. तिच्या कडांना बारीक चिरा आहेत का तेही पाहावे.

5. मालकाची परवानगी घेऊन खालच्या बाजूचा एखादा स्क्रू काढावा. गंज, तपकिरी पाणी किंवा लाकडाचा ओला भुसा दिसला तर आणखी पुरावा नको.

6. तळाची झाकणे उघडून वास घ्यावा. कुबट वास आणि आतून पाण्याच्या पातळीची रेघ पुष्कळ काही सांगून जाते.

ओलावा मोजण्याचे यंत्रही मिळते. पण होडी नुकतीच पाण्यातून काढली असेल किंवा जवळ धातू असेल, तर ते चुकीचा आकडा दाखवू शकते. म्हणून कोरड्या व संशयित जागांचे आकडे ताडून बघावेत.

पुढे काय झाले?

पुढून अर्ध्या होडीपर्यंत आवाज टणक होता. मागे आल्यावर एकदम बद्द झाला. स्क्रू काढला तर भोकातून तपकिरी पाणी ओघळले. मालक म्हणाला, "थोडे पाणी तर येतेच." कारागीर शांतपणे एवढेच म्हणाला, "भर धारेत माणसे बसलेली असताना ही फळी सुटली तर?" मुलाने व्यवहार मोडला. इसारापैकी अर्धेच पैसे परत मिळाले. तो खट्टू झाला, मी त्याला म्हटले, "उरलेले पाच हजार ही तुझी फी समज. तुझ्या होडीत दुसऱ्यांची लेकरे बसणार आहेत."

त्या होडीचा नवा रंग मला आजही आठवतो. पावसाळ्यात आपल्या शाळेच्या भिंतींना ओल येते तेव्हा विश्वस्तांपुढे मी हेच मांडतो : आधी गळती शोधावी, मग रंग द्यावा. विकत घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत हे खरे. पण विकणाऱ्याने दोष सांगून विकावे, हेही आपल्या मुलांना आपणच शिकवायचे आहे.

करून बघा

(अ) दहा बेदाणे रात्री पाण्यात भिजवा. आधीचे व नंतरचे वजन वहीत लिहा.

(आ) घरातल्या फरशांवर नाण्याने ठोका. कोणती फरशी पोकळ वाजते?

(इ) एका होडीची क्षमता 600 किलो आहे. तिच्या लाकडाने 100 लिटर पाणी शोषले. 1 लिटर पाणी म्हणजे 1 किलो, तर सरासरी 50 किलो वजनाची किती माणसे कमी बसवावी लागतील?

उत्तरे आपल्या विज्ञान शिक्षकांना दाखवावीत.

— प्राचार्य