सेलूहून चिनी शिकायला

प्रश्न : मी सेलूत (जि. परभणी) बारावी कला शाखेत, मराठी माध्यमात आहे. चिनी भाषा-संस्कृतीत पदवी घ्यायची आहे. मला जमेल का?

उत्तर : नक्की जमेल. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात बारावीनंतर चिनी भाषेत बी. ए. ऑनर्स करता येते, प्रवेश सीयूईटी या प्रवेश परीक्षेतून. शांतिनिकेतनातले चिनी अभ्यासाचे चीन भवन तर 1937 पासूनचे. इंग्रजी मात्र आतापासून पक्के करा.

उच्चारांत तुमची मराठीच मदतीला येईल. ‘चोर’मधला च आणि ‘चीन’मधला च आपण न शिकता वेगळे उच्चारतो, प-फ, त-थ हेही. चिनीत असेच भेद लागतात, म्हणून रोमन स्पेलिंगपेक्षा कानावर भरवसा ठेवा. कठीण आहेत ते चार सूर : ‘मा’ एका सुरात आई, दुसऱ्यात घोडा!

मराठी माणसांनी चिनी आधीही आपलीशी केली आहे. बौद्ध ग्रंथांचे अभ्यासक पु. वि. बापटांनी पाली ‘विसुद्धिमग्ग’ आणि चिनी अनुवादात टिकलेला ‘विमुत्तिमग्ग’ यांची तुलना केली. त्यांचा हा तुलनाग्रंथ 1937 साली पुण्यात निघाला. बौद्ध परंपरेची ओढ असेल तर ही वाट मला फार मोलाची वाटते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये चीनला गेले आणि तिथेच भाषा शिकले.

लिपीसाठी गणिताची चौकटींची वही घ्या. एका चौकटीत एक अक्षर, रेघांचा क्रम न मोडता, रोज पाच.