शेवटी व्हिडिओ १०८० मध्येच टाकायचा, मग ४के मध्ये शूट का करायचं?



समजा, तुम्ही येवल्याची पैठणी ऑनलाइन विकता. साडी विकली गेलीय, संध्याकाळी पार्सल जाणार. पुढच्या ऑर्डरसाठी तिचा व्हिडिओ हवाय आणि शूटिंगची संधी एकदाच आहे. फोन कोणत्या सेटिंगवर ठेवाल?

गणित सोपं आहे. १०८० म्हणजे १९२० × १०८० पिक्सेल. ४के म्हणजे ३८४० × २१६०, थेट चौपट. आता आडव्या व्हिडिओतून रीलसाठी उभा तुकडा कापा. १०८० मधून रुंदी मिळते जेमतेम ६०७ पिक्सेल. रीलला लागतात १०८०. मग चित्र ताणावं लागतं आणि पदरावरचा मोर धूसर होतो. ४के मधून तोच तुकडा १२१५ पिक्सेल रुंद मिळतो. थोडा लहान केला की झालं! एकाच शूटमध्ये यूट्यूब आणि रील, दोन्ही.

मग सगळंच ४के मध्ये? नाही. आयफोनवर सेकंदाला ३० फ्रेम आणि 'हाय एफिशियन्सी' सेटिंग असेल, तर १०८० चं एक मिनिट साधारण ६० एमबी घेतं, ४के चं १७०. फोन भरतो, एडिटिंग अडखळतं. नुसतं कॅमेऱ्यासमोर बोलायचंय, कापाकापी नाही? १०८० पुरे.

लक्षात ठेवा: मोठ्याचं लहान करता येतं, लहानाचं मोठं केलं तरी हरवलेली बारीक जर परत दिसत नाही. आणि एडिटिंगला मूळ फाइलच घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली नको.

आजचा गृहपाठ: एकच वस्तू दोन्ही सेटिंगवर शूट करा, उभा तुकडा कापा आणि फरक स्वतः बघा.