गाईडलाही कुणीतरी हवं

जबलपूरच्या गोहलपुरात राहून मी २५ वर्षं समाजशास्त्र शिकवलं. ११ जणांनी माझ्याकडे पीएच.डी.ची नोंदणी केली, ९ जणांचे प्रबंध पूर्ण झाले. सुटलेल्या दोघांतली पहिली माझ्यामुळे सुटली. नव्याने गाईड झालेल्यांसाठी हे लिहिते आहे, आणि त्यांच्या विभागप्रमुखांसाठीही.

१. पीएच.डी. मिळाली म्हणून मार्गदर्शन जमतंच असं नाही.
माझी पहिली विद्यार्थिनी लेमा गार्डनजवळची. विषय तिच्या गल्लीतलाच होता, सलवार-सूट शिवणाऱ्या बायकांची मजुरी. तिचा पहिला मसुदा मी लाल शाईने रंगवून परत दिला. माझ्या गाईडनी माझं तेच केलं होतं, दुसरी रीत मला ठाऊक नव्हती. मग ती तीन महिने फिरकली नाही आणि मी तिला आळशी ठरवून मोकळी झाले. नोंदणी रद्द झाल्यावर कळलं की ईदच्या हंगामात ती स्वतःच मशीनवर बसत होती. घर त्यावर चालायचं. ज्या बायकांच्या कष्टांवर प्रबंध व्हायचा होता, त्यांतलीच एक माझ्यासमोर बसलेली होती आणि मी तिला तिच्या दिवसाबद्दल एकदाही विचारलं नाही.

२. विद्यार्थ्याचं वाक्य आपण लिहू नये.
पुढच्या मुलाच्या बाबतीत मी दुसऱ्या टोकाला गेले. त्याचं इंग्रजी कच्चं, म्हणून प्रकरणंच्या प्रकरणं मीच सुधारून दिली. व्हायव्हात परीक्षकांनी तिसऱ्या प्रकरणातला एक साधा शब्द विचारला आणि तो माझ्याकडे बघत राहिला. आता मी आधी बोलायला लावते, हिंदीत म्हणा, बुंदेलीत म्हणा. मुद्दा तोंडी नीट सांगता आला की कागदावर उतरतो. वेळ जास्त लागतो, तो द्यावा.

३. भेटीची नोंद विद्यार्थ्याने लिहावी.
एका वहीत चार ओळी पुरतात: काय ठरलं, कोण काय करणार, कधीपर्यंत. आपण सांगितलेलं आणि त्याला समजलेलं यांत किती अंतर होतं, ते वही उघडल्यावर दिसतं.

४. नियम आपण वाचावेत आणि आपणहून सांगावेत.
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.च्या पूर्ण काळात मुलींना २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची किंवा बालसंगोपनाची रजा देता येते. मुदतीतही त्यांना २ वर्षांची जादा सवलत आहे. माझ्याकडची एक मुलगी बाळ तीन महिन्यांचं असताना माफी मागत आली होती. माफी खरं तर मी मागायला हवी होती, कारण ही तरतूद मी तिला सांगितलीच नव्हती.
त्याच नियमांत प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. ही कमाल मर्यादा आहे. मला तीनच झेपायचे.

५. गाईडने आपली अडचण बोलायला जागा शोधावी.
हे मला फार उशिरा कळलं. अभ्यासक्रम कसा शिकवावा याची प्रशिक्षणं मी केली, पण रडणाऱ्या, गप्प झालेल्या, खोटी आकडेवारी आणणाऱ्या विद्यार्थ्याशी कसं बोलावं, हे त्यांत कुणी शिकवलं नाही. विभागात बोलावं तर कमीपणा वाटायचा. शेवटी वेगवेगळ्या विषयांचे आम्ही पाच जण महिन्यातल्या पहिल्या शनिवारी माझ्या घरी जमू लागलो. नियम दोनच होते: विद्यार्थ्याचं नाव घ्यायचं नाही, आणि तक्रार करायची ती स्वतःच्या वागण्याची. वनस्पतिशास्त्राचे एक सहकारी एकदा म्हणाले, 'मी त्याला घाबरवतो, कारण त्याचा विषय मला कळेनासा झालाय.' इतकं खरं वाक्य मी कुठल्याच सभेत ऐकलं नव्हतं. त्यांनी सहमार्गदर्शक घेतला आणि त्या मुलाचं काम पुढे सरकलं.

६. विभागप्रमुखांनी नव्या गाईडला पहिल्या वर्षी एकटं सोडू नये.
एक अनुभवी सहकारी सोबत द्यावा. तो पहिल्या दोन-तीन भेटींना नुसता बसला तरी पुरे. आणि मार्गदर्शनाचे तास वेळापत्रकात धरावेत. आज ते काम संध्याकाळी, दमलेल्या माणसाकडून होतं.

माझी निवृत्ती झाली, तरी आमचा शनिवार चालू आहे. तुमच्या विभागात असं काही नसेल, तर येत्या शनिवारी दोन सहकाऱ्यांना चहाला बोलवा आणि पहिली चूक तुम्ही सांगा.