घरदुरुस्तीचं कंत्राट: हातात कसब, वहीत हिशोब

पुणे, ठाणे, नाशिक इथल्या १९८०-९०च्या दशकांतल्या इमारती आता तिशी-चाळिशीच्या झाल्या आहेत. लोखंडी पाइप गंजलेत, बाथरूममधून खालच्या घरात पाणी झिरपतंय, जुनं वायरिंग एसीचा भार पेलत नाही. पुनर्विकास रखडला की माणसं आहे तेच घर नीट करून घेतात. असं काम अंगावर घेणाऱ्या छोट्या कंत्राटदाराला कामाचा तोटा नाही. तरीही मुलगा म्हणाला, ‘मला हेच करायचंय,’ की आईवडिलांच्या पोटात गोळा येतो.

ती काळजी मी खोटी मानत नाही. धूळ आहे, अंगमेहनत आहे, पगारासारखी ठरल्या तारखेची आवक नाही. पण मुलगा तिथे नेमकं काय शिकणार, हे बघितल्याशिवाय नकार देऊ नका.

एक बाथरूम घ्या, ८ बाय ५ फुटांचं. चारही भिंतींना ७ फुटांपर्यंत टाइल लावायची. भिंतींची एकूण लांबी २६ फूट, म्हणजे १८२ चौरस फूट. दाराचे साडेसतरा वजा केले की साधारण १६५. कापाकापीसाठी दहा टक्के धरले की १८१. टाइल १२ बाय १८ इंची असेल तर ती दीड चौरस फुटाची, म्हणजे १२१ टाइल लागतील. पेटीत ५ येत असतील तर २५ पेट्या. त्या एकदमच आणि एकाच बॅचच्या घ्यायच्या, कारण नंतर आणलेल्या चार टाइलची छटा जुळत नाही आणि ग्राहकाची नजर रोज तिथेच जाते. दहावीचं गणित इथे रोज लागतं.

त्याहून अवघड आहे तो कामांचा क्रम. आधी तोडफोड, राडारोडा खाली. मग भिंतीत खाचा मारून पाइप, आणि खाचा बुजवण्याआधी पाइपांची दाबाने तपासणी. मग वॉटरप्रूफिंग. त्यावर दोन दिवस पाणी भरून ठेवायचं आणि खालच्या मजल्यावर जाऊन त्यांचं छत बघायचं. ते कोरडं असेल तरच कोबा आणि फरशी, उतार जाळीकडे. घाई करून ही तपासणी गाळली, तर सहा महिन्यांनी नवीकोरी फरशी फोडावी लागते, तीही पदरच्या खर्चाने. गवंडी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार, रंगारी यांपैकी कोण कधी येणार हे ज्याला पक्कं ठाऊक, तोच खरा कंत्राटदार.

अलीकडे टेरेस फ्लॅटमध्ये लाकडी डेक करून घ्यायची हौस वाढली आहे. दिसायला सोपं काम, पण आपल्या पावसात त्याची परीक्षा होते. खालची चौकट स्लॅबला स्क्रूने ठोकली की वॉटरप्रूफिंग फुटलंच. ती टेकूंवर ठेवायची. फळ्यांमध्ये फट सोडायची, म्हणजे पाणी निघून जातं आणि फळी फुगली तरी उचलली जात नाही. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे हवेत. आणि पाणी जाण्याच्या जाळीवरचा तुकडा सुटा निघाला पाहिजे, नाहीतर जुलैत तुंबलेली जाळी साफ करायला अख्खा डेक उचकटावा लागतो.

शिकायचं कुठे? सरळ कंत्राटदार व्हायला निघू नका, आधी एक हातकसब पक्कं करा. आयटीआयमध्ये सुतारकाम आणि प्लंबिंगचे अभ्यासक्रम एका वर्षाचे आहेत. इलेक्ट्रिशियन, वायरमन आणि स्थापत्य आरेखक दोन वर्षांचे. दहावीनंतर तीन वर्षांची स्थापत्य पदविका हाही चांगला रस्ता. त्यानंतर दोन-तीन वर्षं चांगल्या कंत्राटदाराच्या हाताखाली काढायची, आणि तिथे मापं, दर, उक्तं काम नि रोजावरचं काम यातला फरक वहीत लिहून घ्यायचा. विजेचं काम परवानाधारकाकडूनच करून घ्यायचं. ग्राहकाने कितीही गळ घातली तरी कॉलम-बीमला हात लावायचा नाही, आणि सोसायटीच्या लेखी परवानगीशिवाय पहिला हातोडा मारायचा नाही.

माझ्या पाहण्यात बरीच पोरं कामात नाही, पैशात बुडाली. एका घराचा ॲडव्हान्स दुसऱ्या घराच्या प्लायवुडला गेला की गाडं अडतं. प्रत्येक कामाचा हिशोब वेगळा ठेवा. एस्टिमेट लेखी द्या, त्यात प्लायवुडचा दर्जा आणि टाइलचा भाव स्पष्ट लिहा. वाढीव काम निघालं तर त्याचा भाव आधी ठरवा. पैसे टप्प्याटप्प्याने घ्या, कारण शेवटचा हप्ता हमखास रेंगाळतो. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. भांडवलाची चिंता असेल तर सुतार आणि राजमिस्त्री ही दोन्ही कामं २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत आहेत. पात्र ठरल्यास अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज मिळतं.

मुलींच्या पालकांनीही हे वाचावं. घरात दिवसभर परकी माणसं वावरत असताना बाईशी बोलणं अनेक गृहिणींना सोयीचं वाटतं, आणि ओटा किती उंच हवा हे त्या तिला मोकळेपणाने सांगतात. आरेखन, एस्टिमेट आणि साइटवरची देखरेख, या वाटेने मुलींना या धंद्यात नीट शिरता येतं.

अठरा पूर्ण होईपर्यंत मुलांना साइटवर मजूर म्हणून मात्र राबवू नका. मे महिन्याच्या सुट्टीत ओळखीच्या कंत्राटदारासोबत नुसतं बघायला, मापं लिहायला पाठवा. संध्याकाळी मुलाला विचारा, आज काय चुकलं आणि ते कसं निस्तरलं. तो तासभर सांगत बसला, तर आयटीआयचे ऑनलाइन अर्ज सुटले की सुतारकाम किंवा प्लंबिंग पहिल्या पसंतीला टाका. चुळबुळत उठून गेला, तर दुसरं काही शोधायला अजून वेळ आहे.