डबल डोसचं गणित

हॉस्टेलच्या रूममध्ये कॉइल लावली तरी डास निवांत फिरत असतात, हा अनुभव आपल्या सगळ्यांचाच आहे. मग आपण काय करतो? दोन कॉइल लावतो. माझ्या मामाने मागच्या वर्षी कांद्यावर नेमकं हेच केलं आणि त्याचं निम्म्याहून जास्त बी गेलं.

मामा सिन्नरजवळ राहतो. बाजाराच्या कांद्याशिवाय तो एक एकर डोंगळे लावतो, म्हणजे बियाण्यासाठीचा कांदा. (मी कॉन्व्हेंटवाली. मला बरीच वर्षं डोंगळे म्हणजे फक्त मुंग्या वाटायचे.) दिवाळीच्या सुमारास कांदे जमिनीत लावायचे, थंडीत त्यांना दांडे फुटून पांढरे गोंडे येतात आणि उन्हाळ्यात काळं बी मिळतं. मे महिन्यात परीक्षा संपवून गेले तेव्हा मामीने एक सुका गोंडा हातावर चोळून दाखवला. नुसता भुसा! मामा म्हणाला, "औंदा मोहळाच्या माश्याच फिरकल्या नाहीत."

कांद्याच्या फुलात पराग आधी बाहेर पडतात आणि त्याच फुलाचा स्त्रीकेसर दोन-तीन दिवस उशिरा तयार होतो. म्हणजे पराग दुसऱ्या फुलावरूनच यायला हवा, आणि तो मुख्यतः मधमाशी आणते. एका फुलात जास्तीत जास्त 6 बिया धरतात, पण माशी आली नाही तर फारच थोड्या. मग माश्या का आल्या नाहीत? मी विचारलं, "मामा, फुलोऱ्यात फवारलं होतं का?" "तीनदा. करणार काय? थ्रिप्सला औषध लागूच होत नव्हतं. शेवटी डबल डोस मारला."

थ्रिप्स म्हणजे फुलकिडे. जेमतेम एक मिलिमीटरचा किडा, पातीच्या बेचक्यात लपून रस शोषतो, पातीवर चंदेरी चट्टे पडतात. उन्हात दोन-तीन आठवड्यांत त्याची नवी पिढी तयार. शिवाय कांद्यावरच्या फुलकिड्याची मादी नराशिवायही पिल्लं देऊ शकते, म्हणजे चक्क आईची झेरॉक्स. हे लक्षात ठेवा, पुढच्या गणितात लागेल.

समजा शेतात 1 लाख फुलकिडे आहेत. त्यातल्या फक्त 10 जणांना औषध बाधत नाही, बाकीच्यांपैकी 99 टक्के मरतात. पहिल्या फवारणीनंतर उरले साधारण 1000 साधे आणि 10 दणकट. मामा खूश. ते वाढून परत 1 लाख झाले, की त्यात दणकट असतील साधारण 1000. दुसरी फवारणी: उरले 990 साधे, 1000 दणकट. म्हणजे निम्मे-निम्मे! परत 1 लाख झाले की तिसऱ्या फवारणीत निम्मेच मरतात, आणि त्यानंतर शेतात जवळजवळ सगळे दणकटच. आकडे माझे, सोयीसाठी घेतलेले, पण चाल खरी आहे. औषध बिघडलेलं नसतं. आपणच फवारून फवारून निवड केलेली असते, आणि झेरॉक्समुळे ती पातळही होत नाही.

मामाकडे तीन बाटल्या होत्या: लॅम्डा सायहॅलोथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन. एक चालेना म्हणून दुकानदाराने दुसरी दिली, मग तिसरी. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, पण तिन्ही पायरेथ्रॉइड. (आपल्या कॉइलमध्येही याच कुटुंबातलं औषध असतं.) किड्याच्या मज्जातंतूत सोडियम आत सोडणारी दारं असतात, म्हणजे आपल्या भाषेत व्हॉल्व्ह. पायरेथ्रॉइड तो व्हॉल्व्ह उघडाच अडकवून ठेवतो, किडा झटके येऊन मरतो. काही दणकट फुलकिड्यांमध्ये या व्हॉल्व्हचा आकार किंचित बदललेला असतो, त्यामुळे औषध तिथे नीट बसत नाही.

आता खरी मेख. मधमाशीतही हाच व्हॉल्व्ह असतो, आणि तिचा बदललेला नाही. बदलणार कसा? फुलावर येणारी कामकरी माशी अंडी घालत नाही, ते काम पोळ्यातल्या एकट्या राणीचं. म्हणून डोस डबल केला की फुलकिडा तसाच राहतो आणि माशी मरते, नाहीतर वास घेऊनच परत फिरते. मामाने पैसे घालून स्वतःचंच बी मारलं. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

मग करायचं काय? औषधं त्यांच्या काम करण्याच्या पद्धतीप्रमाणे गटात विभागलेली आहेत. आयआरएसीच्या यादीत पायरेथ्रॉइड 3ए, प्रोफेनोफॉस 1बी, स्पिनोसॅड 5. बाटली बदलताना नाव बघायचं नाही, हा नंबर बदलायचा. डब्यावरच्या रंगीत त्रिकोणावर तर मुळीच जाऊ नये. तो उंदरांवरच्या चाचणीवरून ठरतो, हिरवा असला म्हणजे मधमाशीला चालतो असं नाही. स्पिनोसॅडसुद्धा ओलं असताना माशीला घातक, वाळल्यावर धोका बराच कमी. म्हणून फवारायचंच तर गोंडे फुलायच्या आधी, आणि माश्या घरी गेल्यावर, संध्याकाळी. फुलोऱ्यात शक्यतो पंप उचलायचाच नाही.

राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन केंद्राची एक शिफारस मला फार आवडली: कांदा लावायच्या महिनाभर आधी कडेने मक्याच्या दोन ओळी लावायच्या. फुलकिडा उडण्यात कच्चा, वाऱ्यावर येतो आणि मक्याला अडतो. आणि रोपामागे सरासरी 30 फुलकिडे होईपर्यंत फवारायची घाई करायची नाही. त्यासाठी आधी मोजायला मात्र लागतं.

या वर्षी मामाने मका लावला. "पुस्तकातलं सांगू नको" असं म्हणत लावला, पण लावला. गोंडे फुटायच्या आधी त्याचा मेसमध्येच फोन आला. "पातीवर चट्टे दिसतायत गं. आज मारू का?"

"रोपाला किती आहेत?"

"भरपूर आहेत."

"भरपूर म्हणजे किती, मामा?"

जरा वेळ नुसता वारा ऐकू आला. मग म्हणाला, "थांब, चष्मा आणतो."